आठवीची ४६ मुलं, एक कादंबरी आणि लेखिकेला पत्रं: नेमकं कसं करावं?

आठवी_ब

नमस्कार मंडळी. आठवीच्या वर्गात (मराठी माध्यम, ४६ मुलं) एक मराठी कादंबरी वाचून झाली आहे. १६८ पानं, धरणात गाव जाणाऱ्या मुलीची गोष्ट. शाळेकडे १२ प्रती होत्या, चौघांत एक प्रत असं करत सहा आठवडे लागले. लेखिका हयात आहेत, लिहित्या आहेत. नाव मुद्दाम देत नाही, कारण चर्चा पत्रांची व्हायला हवी.

आता मुलांना त्यांना पत्रं पाठवायची आहेत. पहिला खर्डा लिहून घेतला आणि घोडं तिथेच अडलं. चाळीसेक पत्रं थेट अशी: "आपली कादंबरी वाचली. मला ती खूप आवडली. त्यातून आम्हाला खूप काही शिकायला मिळाले. आपण अशाच कादंबऱ्या लिहीत राहाव्यात ही नम्र विनंती." मध्ये दोन परिच्छेद कथानकाचा सारांश. कुणाचं पत्र कुणाचं, नाव झाकलं तर सांगता येणार नाही.

विचारायचं ते असं. हे खर्डे कसे सुधारून घ्यावेत? सगळी ४६ पत्रं पाठवावीत की निवडक? पत्ता कुठला आणि पाकीट कसं करावं? शुद्धलेखन किती तपासावं? एका मुलीला कादंबरी आवडलेली नाही आणि तिला तेच लिहायचं आहे, ते पाठवावं का?

खर्डेवही

बाई, चाळीस पत्रं सारखी आली यात मुलांचा दोष नाही. "लेखिकेला पत्र लिहा" म्हटलं की त्यांना परीक्षेतलं अभिनंदनपत्र आठवतं, आणि ते पुस्तक न उघडताही लिहिता येतं. सारांश येतो त्याचं कारण वेगळं. एरवी मुलांचं लिखाण परीक्षक वाचतो, त्यामुळे आपण पुस्तक वाचलंय हे सिद्ध करायची सवय हाताला लागलेली असते. इथे वाचणाऱ्या बाईंनी ती गोष्ट स्वतःच लिहिली आहे. त्यांना ठाऊक नसलेली एकच गोष्ट तुमच्या वर्गाकडे आहे: तिसऱ्या बाकावरच्या मुलाचं ६१व्या पानावर काय झालं. पत्रात तेवढं आलं की झालं.

पहिले खर्डे बाजूला ठेवा (फाडू नका, शेवटी तुलनेला उपयोगी पडतात) आणि ३५ मिनिटांच्या चार तासिका काढा.

पहिल्या तासिकेत पत्र लिहायचंच नाही. ए-फोर कागदाचे चार तुकडे करून प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. तिच्यावर तीनच गोष्टी: पान क्रमांक, त्या पानावरचं एक वाक्य पुस्तकात बघून जसंच्या तसं, आणि "मी इथे का थांबलो" हे दोन ओळींत. चौघांच्या गटात एक प्रत आहेच, तोच गट ठेवा. या टप्प्यावर हमखास होणारी चूक म्हणजे सगळे शेवटचं प्रकरण धरतात, नाहीतर गाव पाण्याखाली जातं तो प्रसंग. म्हणून नियम घाला की एका गटातल्या दोघांनी एकच प्रकरण घ्यायचं नाही. आणि वाक्य आठवणीतून लिहू देऊ नका. आठवणीतलं वाक्य नेहमी थोडं गुळगुळीत होऊन येतं आणि लेखिकेला ते लगेच कळतं.

दुसरी तासिका बोलण्याची. जोड्या पाडा. एकाने चिठ्ठी वाचायची, दुसऱ्याने फक्त दोनच शब्द वापरायचे: "म्हणजे?" आणि "मग?" पाच मिनिटांनी उलट. समजा चिठ्ठीवर आहे, "आजी दाराची चौकट उखडून बैलगाडीत घालते तेव्हा मला वाईट वाटले."
"म्हणजे?"
"म्हणजे घर नेता येत नाही म्हणून ती दार नेते."
"मग?"
"मग आमच्या आजोबांकडे पण एक कुलूप आहे. घर रस्त्यात गेलं, कुलूप ठेवलंय. किल्ली पण आहे."
हे कुलूप पत्रात गेलं पाहिजे. ऐकणाऱ्याने ते तिथल्या तिथे चिठ्ठीच्या मागे टिपून द्यायचं, नाहीतर पुढच्या तासिकेपर्यंत हवेत विरतं. काही जोड्या दोन मिनिटांत "झालं" म्हणतील. तिथे तुम्ही जाऊन तिसरा "मग?" विचारा.

तिसऱ्या तासिकेत खर्डा. फळा कोरा ठेवा. फळ्यावर एक नमुना लिहिला की ४६ नमुने परत येतात. १५० ते २०० शब्द, एका कागदाची एक बाजू, सुरुवात थेट चिठ्ठीतल्या पानापासून. कादंबरी कोणी वाचली, कुठल्या शाळेत वाचली, बाईंनी कशी वाचायला दिली ही माहिती तुमच्या सोबतच्या पत्रात येणारच आहे, ती ४६ वेळा नको.

चौथी तासिका कापाकापीची. प्रत्येकाने आपला खर्डा शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, पहिली दोन वाक्यं वगळून. तरीही पत्र कळत असेल तर ती दोन वाक्यं काढून टाकायची. दहातल्या आठ पत्रांत ती निघतातच. मग पक्की प्रत, आणि तीही वर्गातच. घरी नेलं की मोठं भावंड, शिकवणीचे सर नाहीतर मोबाइलवरचं एआय ते "सुधारून" देतं आणि गाडी फिरून पहिल्या खर्ड्यावर येते.

आता प्रश्नांचं. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू द्या, आणि तो पुस्तकातल्या एखाद्या जागेवर उभा हवा. "तुम्हाला ही कल्पना कशी सुचली?" याचं उत्तर बहुतेक वेळा मनोगतात किंवा मलपृष्ठावर छापलेलं असतं, मुलांनी ते वाचलेलं नसतं इतकंच. त्याच मुलाचा प्रश्न असा होऊ शकतो: "पान ६१वर आजी चौकट गाडीत घालते. नवीन गावात घर बांधतात (पान १४३) तेव्हा त्या चौकटीचं नाव निघत नाही. ती वाटेत कुठे गेली, की तुम्ही ते लिहून नंतर काढलंत?" असा प्रश्न लेखिकेला उत्तर द्यायला बसवतो. कारण हा मुलगा पान ६१वरून १४३वर शोधत गेलाय हे त्यात दिसतं.

पान क्रमांक लिहिताना एक काळजी: तुमच्या १२ प्रती एकाच आवृत्तीच्या आहेत का ते बघा. नव्याने अक्षरजुळणी झालेल्या आवृत्तीत पानं सरकतात. कोणती आवृत्ती, कोणतं वर्ष, हे सोबतच्या पत्रात एकदा लिहिलं की काम भागतं.

फिरतं_वाचनालय

खर्डेवही यांच्याशी सहमत, पण एक जोडते. ४६ पत्रं पाठवण्यापेक्षा उत्तम दहा निवडावीत असं मला वाटतं. वाचणाऱ्याच्या वेळेचाही विचार हवा. प्रत्येक पत्राला उत्तर द्यायला दहा मिनिटं धरली तरी ४६ पत्रांचे साडेसात तासांहून जास्त होतात.

खर्डेवही

ताई, हिशोब बरोबर आहे, पण त्यावर उपाय दुसरा आहे. पत्रं सगळी जाऊ देत, उत्तर एकच मागा. निवड केली की उरलेल्या ३६ जणांसाठी पुढचं प्रत्येक पत्र परीक्षेचा पेपर होतं, आणि निवड बहुतेक वेळा अक्षर आणि शुद्धलेखनावर होते. कुलपाची गोष्ट लिहिणाऱ्या मुलाचं अक्षर वाईट असू शकतं.

करायचं असं: पक्क्या प्रती झाल्या की प्रश्न वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर मांडा आणि सारखे प्रश्न एकत्र करा. मुलांनीच करायचं हे. ४६ प्रश्नांचे साधारण आठ-दहा गठ्ठे होतात. त्यातले पाच वर्गाने मिळून ठरवायचे आणि सोबतच्या पत्रात क्रमांक घालून लिहायचे. लेखिकेला वाटलं तर पाचांचं उत्तर एका पानात देता येतं, आणि ४६ पत्रं सवडीने वाचता येतात. "प्रत्येकाला उत्तर अपेक्षित नाही" हे वाक्य सोबतच्या पत्रात स्पष्ट असू दे. ते नसलं की काही लेखक संकोचाने उत्तरच टाळतात.

कंपोझखोली

प्रकाशनाच्या बाजूचं सांगतो. पत्ता शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला मिळेल. तिथे प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती यांच्याबरोबर © ची ओळ असते आणि बऱ्याच मराठी पुस्तकांत त्या ओळीखाली लेखकाचा घरचा पत्ताही छापलेला असतो. तो पत्ता पहिल्या आवृत्तीच्या वेळचा असू शकतो. पुनर्मुद्रणात ते पान तसंच उचललं जातं, म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वी सोडलेलं घरही त्यात राहतं. आधी प्रकाशकाच्या कार्यालयात फोन करून दोन गोष्टी विचारा: लेखिका वाचकांची पत्रं घेतात का, आणि ती कार्यालयात पाठवायची की थेट. स्थानिक पत्रकाराकडून किंवा फेसबुकवरून घरचा पत्ता काढू नका. तो त्यांनी तुम्हाला दिलेला नसतो.

पाकिटावर असं लिहा: वर लेखिकेचं नाव, खाली "द्वारा" करून प्रकाशनसंस्थेचं नाव, मग पूर्ण पत्ता आणि सहा अंकी पिनकोड. डाव्या कोपऱ्यात "वाचकांची पत्रे" एवढं लिहिलं तर फार मदत होते. तसं नसेल तर जाड खाकी पाकीट हस्तलिखित समजून संपादकांच्या टेबलावर जातं आणि हस्तलिखितांच्या गठ्ठ्यात महिनोन्‌महिने पडून राहतं. हे अगदी नेहमीचं आहे.

आत दोन वेगळी पत्रं घाला. एक प्रकाशकाला, चार ओळींचं: आम्ही कोण, आत काय आहे, कृपया लेखिकेपर्यंत पोचवावे, पोचवल्याचे या क्रमांकावर कळवावे. दुसरं लेखिकेला, बाईंच्या सहीचं, खर्डेवहींनी सांगितलेलं. लहान प्रकाशनसंस्थेत टपाल रोजच्या रोज पुढे जात नाही. लेखक कार्यालयात येतात तेव्हा किंवा त्यांना प्रती, मानधनाचा हिशोब पाठवायचा असतो तेव्हा सोबत जातं. त्यामुळे सहा आठवडे काही कळलं नाही तर एक फोन जरूर करा. त्यात रागावण्यासारखं कुणी काही मानत नाही.

पाठवायची वेळही बघा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, या दोन तारखांच्या आसपास लेखकांकडे शाळा-महाविद्यालयांची निमंत्रणं आणि पत्रं एकदम येतात. तुमची पत्रं त्या ढिगात पडू नयेत. मार्च-एप्रिलमध्ये पाठवलं तर उत्तर मे महिन्यात बंद शाळेच्या दारात येतं, आणि जूनमध्ये ही मुलं नववीत, कदाचित दुसऱ्या शाळेत गेलेली असतात. जुलै-ऑगस्ट किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतरचा नोव्हेंबर, हे दोन काळ चांगले.

ईमेलने पाठवायचं असेल तर ४६ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. सगळी पत्रं स्कॅन करून एकच पीडीएफ करा, २०० डीपीआय आणि करड्या छटेत. रंगीत स्कॅन केलं तर फाइल सहज जीमेलच्या २५ एमबीच्या मर्यादेबाहेर जाते. तरी कागदच पाठवा असं माझं मत. पेन्सिलची खोडाखोड, समासातलं चित्र, दाबून लिहिलेला शब्द हे स्कॅनमध्ये मरतं.

लाल_पेटी

टपालाचा हिशोब देतो, कारण इथेच पैसे आणि पाकिटं दोन्ही वाया जातात.

७० जीएसएमचा एक ए-फोर कागद साधारण ४.४ ग्रॅमचा. ४६ कागद म्हणजे २०० ग्रॅम. दोन सोबतची पत्रं, उत्तरासाठीचं पाकीट आणि बाहेरचं खाकी पाकीट धरून २३०–२४० ग्रॅमपर्यंत जातं. प्लॅस्टिकची फाइल घातली की वजन २५० च्या पुढे जाऊन स्पीड पोस्टच्या दराचा पुढचा टप्पा लागतो, म्हणून फाइल नको. कागदांना डाव्या कोपऱ्यात एक भोक पाडून फायलीचा टॅग बांधा. स्टेपल आणि टाचण्या गंजतात आणि पत्रं वेगळी करून वाचताना कोपरे फाटतात. कागद घडी न घालता १० बाय १२ इंची पाकिटात बसतात. पावसाळ्यात पाठवत असाल तर गठ्ठा आधी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. जेल पेनची शाई ओलीला फुटते, त्यामुळे पक्की प्रत बॉलपेनने.

बुक पोस्टने (छापील मजकुरासाठीच्या स्वस्त टपालाने) पाठवायचा मोह टाळा. बुक पोस्टमध्ये व्यक्तिगत स्वरूपाचा मजकूर चालत नाही आणि ही तर हाताने लिहिलेली पत्रं. साध्या पत्राचे दर लागतील असं धरून चाला: २० ग्रॅमला ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. तिकीट कमी पडलं तर कमी रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात. लेखिकेने मुलांच्या पत्रांसाठी पोस्टमनला पैसे द्यावेत ही गोष्ट बरी दिसत नाही. इतक्या वजनाला स्पीड पोस्टच योग्य. रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं उरलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. काउंटरवर वजन करून घ्या, पावतीवरचा क्रमांक लिहून ठेवा आणि मुलांना रोज एकाने तो संकेतस्थळावर टाकून गठ्ठा कुठवर पोचला ते बघू द्या. ही गोष्ट त्यांना फार आवडते.

उत्तरासाठी आत शाळेचा पत्ता लिहिलेलं, ५ रुपयांचं तिकीट लावलेलं लांब पाकीट (९ बाय ४ इंच) ठेवा. ए-फोर तीन घड्यांत त्यात नीट बसतो. ५ रुपयांत २० ग्रॅम, म्हणजे पाकीट धरून तीन कागद आरामात जातात. पाकिटावर वर्ग आणि तुकडी लिहा, नुसता शाळेचा पत्ता असेल तर उत्तर कार्यालयाच्या फायलीत जमा होतं.

आठवी_ब

मनापासून आभार. आज चिठ्ठ्यांची तासिका घेतली आणि नियम घालूनही अकरा जणांनी शेवटचंच प्रकरण धरलं. ते उद्या बदलून घेते.

दोन गोष्टी राहिल्या. मायना आणि शुद्धलेखन. काही मुलांनी "तीर्थस्वरूप" लिहिलंय, काहींनी "प्रिय लेखिका", एकाने "सौ." लावलंय. आणि खर्ड्यात "तुम्ही लिहिलंय", "आपण लिहिले आहे" अशी सगळी सरमिसळ आहे.

मुद्रितशोधक

बाई, "तीर्थस्वरूप" नात्यातल्या वडीलधाऱ्यांसाठी आहे, इथे नको. "सौ.", "श्रीमती", "कु." यातलं काहीच लावू नका. पुस्तकाच्या शीर्षकपानावर नाव जसं छापलं आहे, अगदी त्यातल्या आद्याक्षरांसकट, तसंच लिहा. "आदरणीय" आणि नाव, खाली "सादर नमस्कार". बस. शेवटी "आपली वाचक" किंवा "आपला वाचक", खाली मुलाचं नाव आणि इयत्ता. "वाचक" हा शब्द "आज्ञार्थी विद्यार्थी"पेक्षा इथे कितीतरी बरोबर आहे, कारण लेखिकेशी मुलाचं नातं तेच आहे. "विषय:" ही ओळ परीक्षेतल्या औपचारिक पत्रापुरती. हे पत्र औपचारिक आणि घरगुती यांच्या मधलं आहे, एवढं मुलांना सांगितलं तरी पुरतं.

"तुम्ही" की "आपण", ते मुलाने ठरवावं, पण एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच. तसंच "लिहिलं" की "लिहिले". एकाच वाक्यात "तुम्ही लिहिलेले वाचलं आणि मला रडू आले" असं झालं की वाचताना ठेच लागते. बहुतेक मुलांना "तुम्ही" आणि "लिहिलं" सोपं जातं, कारण ती तसंच बोलतात. घरच्या बोलीतला शब्द आला तर ठेवा. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी शब्दासाठी पत्र अडवू नका.

शुद्धलेखनाबाबत: लाल शाई अजिबात नको, पक्क्या प्रतीवर तर नकोच. खर्ड्यावर पेन्सिलने पाचच गोष्टी तपासा. लेखिकेचं नाव. पुस्तकाचं नाव. पात्रांची नावं. उतरवून घेतलेलं वाक्य, अक्षरन्‌अक्षर. आणि अर्थ बदलणारे ऱ्हस्वदीर्घ, म्हणजे "दिन" आणि "दीन", "सुत" आणि "सूत" असे. बाकीच्या चुका दिसल्या तर मुलाला शब्दाखाली टिंब देऊन स्वतः शोधू द्या, नाही सापडल्या तर राहू द्या. सगळं सरळ करत बसलात तर पक्की प्रत तीनदा होते आणि तिसऱ्या वेळी मुलं कंटाळून वाक्यंच लहान करतात. त्यात आधी जाते ती त्यांची स्वतःची गोष्ट.

न आवडल्याचं पत्र जरूर पाठवा. अट एकच, आवडलेल्या पत्राला जी आहे तीच: जागा दाखवायची. "कादंबरी कंटाळवाणी आहे" हा निकाल झाला. "पान ११० ते १२८ मध्ये अधिकाऱ्यांच्या बैठका येतात, तिथे मी दोनदा पुस्तक मिटलं, कारण त्यात मुलगी कुठेच नाही" हे वाचन झालं. निकालावर लेखिका काही करू शकत नाही, वाचनावर विचार करू शकते. हे पत्र गठ्ठ्यात पहिलं किंवा शेवटचं लावू नका, हजेरीपटाच्या क्रमाने जिथे येईल तिथे.

हक्काचं_पान

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण याकडे शाळांत हमखास दुर्लक्ष होतं.

पत्रात मुलांनी घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक, जन्मतारीख लिहू नये. नाव, इयत्ता, शाळेचा पत्ता पुरे. पालकांना दोन ओळींची सूचना द्या आणि सही घ्या. विशेषतः स्कॅन करून पाठवणार असाल किंवा फोटो कुठे टाकणार असाल तर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

उत्तर आलं तर तो कागद तुमचा, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लेखिकेचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पत्रही साहित्यकृती धरलं जातं. म्हणून उत्तराचा फोटो शाळेच्या फेसबुक पानावर किंवा वार्षिक अंकात टाकायच्या आधी त्यांची लेखी परवानगी घ्या, ईमेलवरचं "हो" चालेल. वर्गात वाचून दाखवायला, शाळेत फलकावर लावायला काही अडचण नाही. हेच उलटही आहे: मुलांची पत्रं लेखिकेला किंवा प्रकाशकाला छापायची असतील तर त्यांनी मुलांच्या पालकांना विचारायला हवं. सोबतच्या पत्रात तशी एक ओळ घालून ठेवा.

फिरतं_वाचनालय

खर्डेवही, निवडीबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. एक विचारते: हाच उपक्रम टपाल खात्याच्या "ढाई आखर" पत्रलेखन स्पर्धेला जोडता येईल का? आणि लेखक हयात नसेल तर काय करायचं?

खर्डेवही

स्पर्धा वेगळी ठेवा. "ढाई आखर"ला दरवर्षी ठरलेला विषय असतो, आंतर्देशीय पत्रासाठी ५०० आणि पाकिटातल्या पत्रासाठी १००० अशी शब्दमर्यादा असते, आणि ते पत्र परीक्षकासाठीच असतं. जागतिक टपाल संघाची ९ ते १५ वयाच्या मुलांसाठीची पत्रलेखन स्पर्धा १९७१ पासून चालू आहे, तिचंही तसंच. दोन्ही चांगल्या आहेत, पण लेखिकेला लिहिलेलं पत्र तिथे वळवलं तर पत्राचा धनीच बदलतो.

लेखक हयात नसेल तर मुलांना आधीच स्पष्ट सांगा की हे पत्र पेटीत पडणार नाही. "साने गुरुजींना पत्र लिहा" हा चांगला लेखनसराव आहे, गुरुजी १९५० साली गेले हे मुलांना माहीत असलं पाहिजे. खरंच टपालात पडणारं पत्र हवं असेल तर पुस्तक अनुवादित आहे का बघा. अनुवादकाला क्वचितच कुणी लिहितं. चित्रकारालाही. मुखपृष्ठावरच्या चित्राबद्दल मुलांना बरंच काही म्हणायचं असतं, आणि त्यांचं नाव त्याच शीर्षकपानामागच्या पानावर असतं.

बाई, शेवटची गोष्ट गठ्ठा पाठवायच्या आधीच ठरवून टाका: उत्तर आलं तर काय आणि नाही आलं तर काय. आकारिक मूल्यमापनात उपक्रम म्हणून नोंद करणार असाल तर ती पाठवण्यापर्यंतच्या कामाची करा, चिठ्ठी, खर्डा आणि पक्की प्रत तिन्ही जोडून. उत्तरावर गुण ठेवू नका. मुलांना सांगा की उत्तर येईलच असं नाही. आणि पाठवण्याआधी प्रत्येक पत्राची एक छायाप्रत ठेवा. उत्तर चार महिन्यांनी येतं तेव्हा आपण काय विचारलं होतं ते मुलं विसरलेली असतात, आणि "तुमच्या चौकटीबद्दलच्या प्रश्नावर" असं उत्तर सुरू झालं की वर्गात कुणालाच कळत नाही की तो प्रश्न कुणाचा.

आठवी_ब

छायाप्रतींचं डोक्यात आलंच नव्हतं, घेते. प्रती पाहिल्या: दहा तिसऱ्या आवृत्तीच्या, दोन पाचव्या. पानं सहाने सरकलेली आहेत. त्या दोन गटांचे पान क्रमांक उद्या तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे बदलून घेते आणि मग पक्की प्रत.